एसआयपी, ठेव की शेअर? आधी घरात पैसा कधी येतो ते बघा

माझ्या मामांचा ऊस चिकोडीकडं. तीन वर्षांमागं त्यांच्या पोरानं मोबाईलवरनं मामांच्या नावावर दर महिन्याच्या ५ तारखेला ५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे ठरल्या तारखेला खात्यातनं आपोआप कटून म्युच्युअल फंडात जाणारा हप्ता, लावून दिली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हप्ते नीट कटले कारण ऊसबिलाचा पैसा खात्यात होता. मग खतं आली, मे महिन्यात दोन घरची लग्नं, जूनला पोरांच्या फिया, आणि खातं रिकामं. लागोपाठ तीन हप्ते बाउन्स झाले, दर वेळी बँकेनं दंड कापला, त्याच्यावर जीएसटी, आणि तिसऱ्या वेळी एसआयपीच बंद पडली. मामा फोनवर म्हणाले, "बाळ, हे म्युच्युअल फंड सगळं फसवाफसवीचं काम हाय बघ."

फंडाची काय चूक नव्हती आणि मामांचीही नव्हती. महिन्याला पगार घेणाऱ्याची पद्धत वर्षातनं एकदा-दोनदा पैसा बघणाऱ्या माणसाच्या गळ्यात बांधली होती, एवढंच झालं होतं. आणि हे मी आमच्या भागात सारखं बघतोय. कुणीतरी पुण्यातला भाऊ सांगतो म्हणून एसआयपी, ऑफिसातला मित्र सांगतो म्हणून शेअर, शेजारी घेतोय म्हणून प्लॉट. स्वतःच्या घराचा हिशेब कुणी मांडत नाही.

मी बेळगावात एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो. सल्लागाराचं लायसन माझ्याकडं नाही, खरं गेली बारा-पंधरा वर्षं गल्लीतली, नात्यातली माणसं रविवारी वही घेऊन घरी येतात आणि त्यातनं जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. रक्कम मोठी असेल तर सेबीकडं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेल्या, फी घेऊन सल्ला देणाऱ्या माणसाला जरूर विचारा, त्याची फी महाग वाटली तरी.

पहिलं काम: वहीत बारा रकाने आखा

शंभर पानी साधी वही घ्या. एका पानावर एप्रिल ते मार्च बारा महिने लिहा, प्रत्येक महिन्यापुढं घरात किती आले आणि किती गेले. अंदाजे चालेल, हजाराच्या घरात. बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट समोर ठेवलं तर तासाभरात होतं.

मग चित्र दिसतं. उद्यमबाग, मच्छेकडच्या कारखान्यात कामाला असणाऱ्याचे बारा रकाने सारखे दिसतात. ऊसवाल्याचे दोन रकाने भरलेले आणि बाकी सगळे तुटीतले. कायद्यानं ऊस तोडल्यावर १४ दिवसांत बिल मिळायला पाहिजे, खरं मिळतं कधी ते शेतकऱ्यालाच विचारा, म्हणून रकान्यात बिल खात्यावर आलेला महिना लिहा, तोड झालेला नको. वडगाव, शहापूरकडं माग चालवणाऱ्याचे रकाने सणासुदीला वर आणि पावसाळ्यात खाली. निपाणीकडं बिडी वळणाऱ्या मावशींचा हिशेब आठवड्याचा. फौजेतनं आलेल्याची पेन्शन महिन्याची आणि वर एकरकमी मिळालेला गठ्ठा वेगळा.

या पानावरनं तुमची अर्धी पद्धत ठरते. रकाने सारखे असतील तर एसआयपी, आरडी (बँकेतली महिन्याच्या हप्त्याची ठेव) बिनधास्त. रकाने वरखाली असतील तर जिथं कधीही, कितीही भरता येतं अशाच जागा निवडा. पीपीएफमध्ये (लांब मुदतीचं सरकारी बचत खातं) वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, मधे केव्हाही भरा. मुलीच्या नावानं काढायच्या सुकन्या समृद्धी खात्यामध्ये कमीत कमी २५०, वरची मर्यादा तीच. शेतकऱ्याला आणि मागवाल्याला या दोन्ही चांगल्या बसतात, कारण यात ५ तारीख चुकली म्हणून कुणी दंड लावत नाही, वर्षातनं कमीत कमी भरलं म्हणजे झालं.

दुसरं: आधी भोकं बुजवा

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. डोक्यावर शेकडा तीनचं कर्ज असताना गुंतवणुकीची गोष्टच काढू नका. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, एवढं जगातला कुठलाही फंड खात्रीनं देत नाही. आधी ते फेडा, मग सोन्यावरचं कर्ज, मग क्रेडिट कार्ड असलं तर ते बंदच करा. शेतकऱ्यांनी प्राथमिक सोसायटीचं बिनव्याजी पीककर्ज मुदतीत भरायचंच, मुदत चुकली की बिनव्याजीपणा जातो आणि मग तेच कर्ज महागात पडतं.

त्याच्यानंतर अडीनडीचा पैसा. नोकरदाराला सहा महिन्यांचा खर्च पुरे. शेतकऱ्याला मी एक वर्षाचा सांगतो, कारण एक हंगाम गेला की दुसरा बारा महिन्यांनीच येतो. हा पैसा मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (थोड्या दिवसांच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड), मोडायला सोपा. सोन्यात धरू नका, अडचणीच्या दिवशी सोनं विकायला घरातली बाई तयार होत नाही आणि तिचं बरोबर असतं.

आरोग्य विमा घेताना आमच्या भागातल्या लोकांनी एक जास्तीची गोष्ट बघायची. आपण दवाखान्यासाठी बेळगावबरोबर मिरज, कोल्हापूरही गाठतो. ज्या दवाखान्यात तुम्ही खरोखर जाता तो त्या पॉलिसीच्या कॅशलेस यादीत आहे काय ते आधी बघा, आणि सरकारी योजनेचं कार्ड राज्याच्या हद्दीपलीकडं चालतं काय ते वेगळं विचारा. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये बसून हे विचारत बसायची वेळ माझ्या एका मित्रावर आली होती. घरात कमावणारा एकच असेल तर टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच घराला पैसे देणारा विमा), वर्षाच्या कमाईच्या दहा-पंधरा पट. विमा आणि गुंतवणूक एकाच पॉलिसीत घेऊ नका, त्यात विमाही तोकडा होतो आणि वाढही.

तिसरं: प्रत्येक पैशाला तारीख द्या

वहीच्या दुसऱ्या पानावर कामं लिहा आणि त्याच्यापुढं साल. मुलीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन २०३१. घराचा स्लॅब २०२८. स्वतःचं म्हातारपण २०४५. "पुढं कधीतरी लागेल" असं लिहायचं नाही.

तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअर बाजारात नाही म्हणजे नाही. तो बँक, पोस्ट. तीन ते सात वर्षांचा असेल तर मिश्र, थोडा हायब्रीड फंड (शेअर आणि कर्जरोखे एकत्र) आणि बाकी ठेव. सात वर्षांच्या पुढचा असेल तरच शेअर बाजाराची दारं उघडायची. हे सात वर्षं मी कुठनं आणलं? २००८ चा जानेवारी आठवा, सेन्सेक्स, म्हणजे मोठ्या तीस कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, २१,००० ला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात ८,००० च्या खाली येऊन गेला. २०१० च्या दिवाळीत ती पातळी परत दिसली, पुन्हा घसरला, आणि नवा उच्चांक करायला २०१३ ची दिवाळी उजाडली. म्हणजे चुकीच्या महिन्यात एकरकमी घातलेल्याला साधारण सहा वर्षं थांबायला लागलं. ज्याचा स्लॅब २०१० ला पडायचा होता त्याचं काय झालं असेल?

चौथं: पडझड सोसायची ताकद, दोन प्रकारची

एक मनाची, एक घराची. लोक मनाचीच बघतात.

मनाची तपासायला वहीत लिहा: माझे एक लाख ६२,००० झाले तर मी काय करीन? ही आकडेमोड हवेतली नाही. २०२० च्या जानेवारीत निफ्टी, म्हणजे तसाच पन्नास कंपन्यांचा निर्देशांक, १२,४०० च्या वर होता आणि मार्चात तिथनं साधारण ३८ टक्के खाली आला, त्यातला २३ मार्चचा एक दिवस तर एका दिवसात १३ टक्के. त्या वेळी आमच्या ऑफिसात चौघांच्या एसआयपी होत्या, तिघांनी बंद केल्या. नोव्हेंबरात निफ्टी परत जुन्या जागेवर आला तेव्हा ते तिघं पैसे काढून ठेवीत घालून बसलेले होते. हुशारीत ते चौथ्यापेक्षा कमी नव्हते, त्यातल्या दोघांना घरहप्ता भरायचा होता आणि कारखाना बंद, पगार अर्धा. म्हणजे त्यांचं मन खंबीर असतं तरी घराची ताकद नव्हती.

म्हणून मी म्हणतो घराची ताकद आधी मोजा. पगार पक्का, कर्ज कमी, सांभाळायला माणसं कमी असतील तर ताकद जास्त. आई-वडील आजारी, पोरं शाळेत, धंदा वरखाली असेल तर ताकद कमी, मग मन कितीही वाघासारखं असू दे. दोन्हींतलं जे कमी असेल ते धरून चालायचं.

पाचवं: पद्धती कुठल्या आहेत आणि कुणाला बसतात

आता पद्धतींकडं. नावं बरीच ऐकू येतात, खरं मुळात पाच-सहाच आहेत.

ठेव आणि पोस्टाची पद्धत. व्याज ठरलेलं, झोप शांत, खरं महागाईपुढं फार वाढत नाही. इथं आमच्या भागातली एक मोठी गोष्ट थांबून सांगायची आहे. आपल्याकडं गल्लीगल्लीत सोसायट्या, सौहार्द (कर्नाटकातल्या एका प्रकारच्या सहकारी) संस्था, आणि बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज म्हणून माणसं रिटायरमेंटचा सगळा पैसा तिथं ठेवतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत विमा आहे, २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तो एकच लाख होता. पतसंस्थेतल्या, सौहार्दमधल्या ठेवीला हा विमा लागू नाही. नावात "बँक" आहे काय आणि दारावर ठेव विम्याचा बोर्ड आहे काय ते बघा.

माझ्या वडिलांनी १२ टक्क्यांच्या नादानं एका संस्थेत ठेव ठेवली होती. एक दिवस सकाळी पेन्शन घेऊन येताना गेले तर शटर खाली आणि त्याच्यावर चार ओळींचा कागद चिकटवलेला. ते ठेवीचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आई अजून कपाटात जपून ठेवते, देवाच्या पोथीच्या खाली. सगळ्या संस्था तशा नसतात, कित्येक चाळीस-पन्नास वर्षं उत्तम चालल्यात आणि गरिबाला दारात कर्ज त्याच देतात. खरं एका संस्थेत सगळी जमा नको, आणि म्हातारपणाची तर अजिबात नको.

पिग्मीही याच पद्धतीत. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं सुरू केलेली ही रोजच्या भरण्याची पद्धत आपल्याकडं घरोघरी पोचली आहे, संध्याकाळी एजंट मशीन घेऊन दुकानात येतो, शंभर रुपये घेतो, चिठ्ठी देतो. व्याज बेताचंच असतं. तरी रोज कमावणाऱ्याला मी पिग्मी बंद करा म्हणत नाही. रोजचे शंभर म्हणजे वर्षाला ३६,५०० आणि ते हातात राहिले असते तर खर्चच झाले असते. पिग्मी ही गोळा करायची जागा समजा, वाढवायची नव्हे. वर्ष झालं की तिथनं उचलून दुसरीकडं न्या.

इंडेक्स फंडाची पद्धत. निफ्टीतल्या पन्नास कंपन्या जशा आहेत तशा घ्यायच्या, कुठली चांगली ते शोधत बसायचं नाही. खर्च कमी, डोक्याला ताप कमी. नोकरी करणाऱ्या, कंपन्यांचे ताळेबंद वाचायला वेळ नसलेल्या माणसाला माझ्या मते हीच पहिली आणि बहुतेकांना पुरेशी पद्धत. फंड घेताना डायरेक्ट प्लॅन आणि रेग्युलर प्लॅन यातला फरक समजून घ्या, रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातनं जातं. ज्याला स्वतः जमतं त्यानं डायरेक्ट घ्यावं. ज्याला पडझडीत धीर द्यायला माणूस लागतो त्यानं रेग्युलर घेतलं तरी वाईट नाही, फक्त तो माणूस पडझडीत फोन उचलतो काय ते बघा.

हायब्रीडची पद्धत म्हणजे शेअर आणि कर्जरोखे एकाच फंडात. पन्नाशीच्या आसपासच्यांना, आणि पहिल्यांदा बाजारात येणाऱ्या भित्र्या मनाला बरी.

स्वतः शेअर निवडायची पद्धत. यात परत तीन स्वभाव. स्वस्तात मिळालेली चांगली कंपनी धरून बसणारा, त्याला वर्षानुवर्षं गप्प बसायची सवय पाहिजे. वेगानं वाढणारी कंपनी महाग असली तरी घेणारा, त्याला दर तिमाहीचे आकडे बघायला लागतात आणि चुकलं की मान्य करून बाहेर पडायला लागतं. आणि लाभांश बघून घेणारा, त्याला वाटतं पेन्शनसारखं येत राहील, खरं लाभांश कंपनी कधीही कमी करते आणि २०२० च्या एप्रिलपासून तो तुमच्या उत्पन्नात धरून टॅक्स लागतो. तिन्हीत महिन्याला दहा-बारा तास वाचन पाहिजे. आवड असेल तर एकूण पैशाच्या दहा टक्क्यांपर्यंत करा, शिकायला मिळतं.

आणि ट्रेडिंग. हे मी गुंतवणुकीत धरतच नाही. सेबीनं २०२४ च्या सप्टेंबरात आकडे जाहीर केले: फ्युचर-ऑप्शन (पुढं भाव काय होईल यावरचे मुदतीचे सौदे) करणाऱ्या दर १०० साध्या माणसांतले ९३ तीन वर्षांत तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. कॉलेजची पोरं चहाच्या गाड्यावर बसून टेलिग्रामवरच्या टिपा बघून बापाच्या ऊसबिलाचा पैसा यात घालायलेत, हे मी डोळ्यांनी बघतोय आणि जीव तुटतो. कुणी पोरगा ओळखीचा असेल तर त्याला हे आकडे दाखवा.

प्लॉटचं थोडक्यात. शेतकऱ्याची आधीच सगळी संपत्ती जमिनीत असते, आणखी गुंठे घेऊन फायदा कमी आणि अडकणं जास्त. घ्यायचाच असेल तर एनए (बिगरशेती), रजिस्टर खरेदी, पंचायत हद्दीत ई-स्वत्तुचा (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन नोंदीचा) उतारा, हे सगळं बघितल्याशिवाय बाँडपेपरवर एक रुपयाही देऊ नका.

सहावं: वयाप्रमाणं कसं बसवायचं

बावीस-पंचवीस. आमच्याकडं फौजेत जाणारी पोरं घरटी. अग्निवीर होऊन चार वर्षांनी परत येणाऱ्याच्या हातात साधारण ११.७१ लाख सेवानिधी येतो, बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात! पहिले सहा महिने काहीच करू नका, बँकेत ठेवा, गाडीच्या शोरूममध्ये जाऊ नका. दोन लाख पुढच्या शिक्षणाला किंवा नोकरी शोधायच्या वर्षाला बाजूला काढा. उरलेल्यातला अर्धा ठेवीत आणि अर्धा वर्षभर थोडा थोडा करून इंडेक्स फंडात. वय हाताशी आहे.

तिशीतला कारखान्यातला माणूस. तुझा पीएफ दर महिन्याला कटतोच, म्हणजे ठेवीसारखी सुरक्षित बाजू आपोआप होते आहे. मग वेगळ्या आरडी कशाला वाढवायच्या? अडीनडीचा पैसा झाला की बाकीचं इंडेक्स एसआयपीत. पगार १० तारखेला होत असेल तर एसआयपी १२ ची लावायची. दर महिन्याला ५,००० आणि वर्षाला सरासरी १० टक्के धरले, हमी कुणीच देत नाही, तर १० वर्षांत भरलेल्या ६ लाखांचे साधारण १०.३ लाख होतात आणि २० वर्षांत भरलेल्या १२ लाखांचे ३८ लाख. भरणा दुप्पट, मिळणं पावणेचारपट. नोकरी बदलली म्हणून पीएफ काढून खाऊ नका, ट्रान्सफर करा.

घर चालवणाऱ्या अक्कांसाठी वेगळं सांगतो. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० महिन्याला धरले तरी ते कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, म्हणून त्याच्यावर एसआयपीची तारीख बांधू नका. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्याचं खातं पोस्टात काढा आणि पैसे आले की भरा. वर्षाला २४,००० प्रमाणं १५ वर्षं भरले आणि २०२५ मध्ये होता तो ८.२ टक्के दर तसाच राहिला तर २१ वर्षांनी ११ लाखांच्या आसपास होतात.

चाळिशी-पन्नाशीत मुलांचं शिक्षण आणि स्वतःचं म्हातारपण एकाच वेळी अंगावर येतं. इथं लोक पोरांसाठी सगळं मोकळं करतात. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही, एवढं लक्षात ठेवून निदान एक खातं हात न लावता ठेवा. आणि ज्या कामाला तीन वर्षं उरली त्याचा पैसा बाजारातनं हळूहळू ठेवीत आणायला लागा, बाजार वर असला तरी.

साठीला पद्धत उलटी होते, आता पैसा वाढण्यापेक्षा महिन्याला हातात येणं महत्त्वाचं. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२५ मधल्या ८.२ टक्क्यांनी १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० मिळतात, आणि भरायच्या दिवशी असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. नवे दर सरकार दर तीन महिन्यांनी सांगतं, म्हणून जायच्या आधी चौकशी करा. दहा-पंधरा वर्षांनी लागेल असा पाचवा हिस्सा हायब्रीडमध्ये राहू दे, कारण सत्तरीनंतरही महागाई थांबत नाही.

सातवं: कागद

केवायसीला आमच्या भागातले निम्मे अर्ज नावापायी अडकतात. आधारवर कानडीतनं इंग्रजीत आलेलं स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी नुसतं आद्याक्षर. पैसे घालायच्या आधी आधार, पॅन आणि बँक पासबुक तिन्ही टेबलावर शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा. नसेल जुळत तर आधी ते दुरुस्त करा, दोन महिने गेले तरी चालतील. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा. शेअर आणि शेअरचा फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स, हे २०२४ च्या जुलैपासनं आहे, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आणि वर्षातनं एकदाच, पाडव्याला म्हणा, सगळं उघडून बघा. रोज बघितलं की हात शिवशिवतात.

मामांचं शेवटी असं बसवलं. बिल आलं की पीककर्ज भरायचं, वर्षाचा घरखर्च ठेवीत, आणि उरलेला गठ्ठा एकदम लिक्विड फंडात. तिथनं दर महिन्याला ठरलेली रक्कम इंडेक्स फंडात आपोआप सरकते, बँकखात्याला हात लागत नाही, त्यामुळं बाउन्स व्हायचा प्रश्नच नाही. गेल्या वर्षी बिल दोन तुकड्यांत आलं, दुसरा तुकडा मे महिन्यात. मामांनी तो आल्या दिवशीच वही काढून मेच्या रकान्यात लिहिला आणि मला फोन करून विचारलं, "हे पण तिकडंच सरकवायचं नव्हं?"